ऑर्गोसोलोची बाहुली: रेशमी शिरोवस्त्र आणि घागरा

मी घडवत असलेल्या ऑर्गोसोलोच्या स्त्रीवेशातील बाहुलीचे अंग आणि चेहरा पूर्ण झाल्यावर सगळे लक्ष तिच्या शिरोवस्त्रावर होते. इटलीच्या सार्डिनिया बेटाच्या डोंगराळ अंतर्भागात, नुओरो शहराच्या दक्षिणेला हे गाव आहे. तेथील ‘लिओन्झू’ म्हणजे डोक्याला आणि चेहऱ्याभोवती गुंडाळायची रेशमी पट्टी. त्यासाठी गावातच रेशमाचे किडे पाळून, कोषांतून धागा काढून, तो हातमागावर विणून केशराने रंगवण्याची परंपरा आहे. किड्यापासून पोशाखापर्यंतची साखळी एकाच गावात जपली गेली, याच ओढीने मी ऑर्गोसोलो निवडले. पर्यटकांसाठीच्या बाहुल्यांवर पुष्कळदा एका गावाचे जाकीट आणि दुसऱ्या गावाचा एप्रन एकत्र दिसतो. पण ज्या बेटावर गावागणिक पोशाख बदलतो, तेथील बाहुली एकाच गावाची असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

चेहऱ्यासाठी लेंची बाहुल्यांची पद्धत समोर ठेवली. इटलीतील तोरिनो (ट्युरिन) येथे 1919 मध्ये एलेना क्योनिग स्काविनी यांनी सुरू केलेल्या या कारखान्यात फेल्ट, म्हणजे न विणता लोकर दाबून केलेले कापड, साच्यात दाबून चेहरे घडवले जात. मी प्लास्टरच्या साच्यावर खळ लावलेले ओले फेल्ट ताणून बसवले आणि पूर्ण वाळल्यावरच उतरवले. नाकाच्या दोन्ही बाजूंच्या खोलगट जागा बोथट काडीने पुन्हा पुन्हा दाबाव्या लागतात, नाहीतर फेल्ट वाळताना तेथे वर उचलले जाते.

रेशमाची निवड हाच या कामाचा गाभा ठरला. येवल्याच्या एका विणकराकडून तुतीच्या रेशमाचा न उकळलेला धागा मिळाला. कर्नाटकातील संकरित कोषांचा हा धागा मुळातच पिवळसर असतो आणि तोच रंग तसा ठेवावा, असा मोह होतो. परंतु ती पिवळी छटा धाग्यावरच्या नैसर्गिक डिंकात असते आणि तो डिंक राहिला तर धागा ताठ राहतो. तीस सेंटिमीटर उंचीच्या बाहुलीवर असे कापड चेहऱ्यालगत बसत नाही, पुठ्ठ्यासारखे उभे राहते. म्हणून धागा सौम्य साबणाच्या पाण्यात मंद आचेवर उकळून डिंक काढला. त्यात धाग्याचे सुमारे पाव वजन जाते, मात्र उरलेला धागा पांढरा, मऊ आणि चमकदार होतो.

त्यानंतर धागा तुरटीच्या पाण्यात ठेवून केशराच्या कोमट अर्कात सोडला. केशराचा रंग पाण्यात सहज उतरतो आणि रेशीम तो पटकन धरते, त्यामुळे छटा ठरवताना लच्छी वरचेवर बाहेर काढून पाहावी. ओली लच्छी नेहमी अधिक गडद भासते. हा रंग उन्हात विटतो, तेव्हा बाहुलीची जागा खिडकीपासून दूर, बंद कपाटातच राहील. छोट्या चौकटीवर साध्या विणीची पट्टी तयार झाली असून तिची घडी हनुवटीखाली हवी तशी मऊ पडते.

घागऱ्यासाठी ‘ऑर्बाचे’ हे सार्डिनियाचे दाट लोकरी कापड हवे. मूळ कापड या मापाला फार जाड पडते, म्हणून पातळ काळपट लोकरी कापड घेतले. प्रत्येक चुणीला आडवे कच्चे धावदोरे घालून, कापड ओले करून वजनाखाली वाळवले. एप्रनखाली झाकला जाणारा पुढचा भाग सपाट ठेवला. तेथे चुण्या घेतल्या तर पोट फुगलेले दिसते.

आता एप्रन उरला आहे. ऑर्गोसोलोच्या एप्रनवर रंगीत रेशमाचे भौमितिक भरतकाम दाटीने केलेले असते. नुओरोच्या सार्डिनियन लोकसंस्कृती संग्रहालयातील पोशाखांची छायाचित्रे पाहून मी आलेखाच्या कागदावर आकृती उतरवत आहे. सगळे आकार लहान करून कोंबण्यापेक्षा त्यांतले मोजकेच घेऊन त्यांचे प्रमाण नीट राखावे, असे ठरवले आहे. भरतकामासाठी पिळाचा दोरा उकलून त्यातील एकच पदर वापरीन. दोन पदरांनी टाका कापडाच्या विणीपेक्षा मोठा दिसतो आणि आकृतीच्या कडा बोथट होतात.