अळणी कालवण

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळात एक जण गोष्ट सांगत खेळ चालवतो आणि बाकीचे त्या गोष्टीतली पात्रे होतात; आमच्यात खेळ मी चालवतो. आजच्या सत्रात खेळाडू बंदरावरच्या एका खाणावळीत शिरले आणि तिथले कालवण अळणी आहे, असे मी सहज सांगून गेलो. त्यावर एकीने लगेच विचारले की, समुद्रकाठच्या गावात मीठ कसे नाही? माझ्या टिपणांत याचे उत्तर नव्हते. किल्लेदाराने मिठावर जबर कर बसवला आहे आणि मिठागरांवर शिपायांचा पहारा आहे, असे मी तिथल्या तिथे ठरवले. मग त्याच बंदरात वाढलेल्या चोराची भूमिका करणाऱ्या मित्राला मी विचारले की, रात्री चोरून मीठ कोण आणते, हे तुला ठाऊक असेलच. त्याने आपल्या पात्राच्या मावशीचे नाव घेतले आणि पुढचा सगळा वेळ तिला शोधण्यात गेला.

1974 साली प्रसिद्ध झालेल्या या खेळात वीस बाजूंचा फासा एखादी कृती साधली की फसली, एवढेच सांगतो. गाव कसे आहे, हे खेळ चालवणाऱ्यालाच सांगावे लागते. नावांची यादी मी आधीच करून ठेवतो, कारण ऐनवेळी सुचलेली नावे एकसारखी वाटतात. तपशील मात्र तिथेच सुचलेला मला अधिक आवडतो, फक्त त्याला कारण हवे आणि तो लगेच वहीत उतरवायला हवा. आता पुढच्या सत्राआधी किल्लेदाराला एवढा पैसा कशासाठी लागतो, हे मला ठरवायचे आहे.