एसजीपीटी ३६

तालुक्याच्या गावी मी पॅथॉलॉजी लॅब चालवते. आषाढीच्या आधी, वारीला निघण्यापूर्वी एकदा तपासून घ्यावे म्हणून अठ्ठावन्न वर्षांचे एक काका आले होते. मधुमेह बारा वर्षांचा, सोनोग्राफीत ‘ग्रेड १ फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात थोडी चरबी. एसजीपीटी आणि एसजीओटी ही यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारी विकरे. एसजीपीटी ३६, म्हणजे मर्यादेत. एसजीओटी ४८, किंचित वर. प्लेटलेट मात्र १ लाख ३२ हजार, म्हणजे कमी.

प्लेटलेटच्या गुठळ्या झाल्या असतील तर यंत्र आकडा कमी दाखवते, म्हणून स्लाइड मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली घेतली. स्मिअरच्या, म्हणजे काचेवर पसरलेल्या रक्ताच्या थराच्या, शेपटाकडे, जिथे गुठळ्या हमखास सापडतात, तिथे एकही नव्हती. प्लेटलेट खरोखरच कमी होत्या.

मग एका रद्द रिपोर्टच्या पाठीवर फिब-४, म्हणजे यकृतातील फायब्रोसिसचा (व्रण पडून यकृत कठीण होण्याचा) अंदाज देणारा आकडा, मांडला: वय गुणिले एसजीओटी, आणि त्याला भागायचे ते हजारांतील प्लेटलेट आणि एसजीपीटीचे वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. उत्तर आले ३.५. हा आकडा १.३ च्या खाली असला तर यकृतात प्रगत फायब्रोसिस असण्याची शक्यता फार कमी असते; २.६७ च्या वर गेला की पुढची तपासणी टाळता येत नाही. यकृत कठीण होत गेले की प्लीहेकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते, प्लीहा वाढते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात; एसजीपीटी मात्र या टप्प्यावर अनेकदा मर्यादेतच दिसते, आणि तिथेच सगळ्यांची फसगत होते.

“मॅडम, गळ्यात माळ आहे माझ्या. दारूचा थेंब नाही,” काका म्हणाले. त्यांचा शब्द खरा होता. मधुमेह आणि पोटाचा घेर एवढे कारण या आजाराला पुरते.

मी त्यांना सोलापूरला यकृतविकारतज्ज्ञांकडे पाठवले. यकृताचा कठीणपणा मोजणाऱ्या फायब्रोस्कॅनमध्ये १७ किलोपास्कल आले, म्हणजे यकृत बरेच कठीण झालेले; एंडोस्कोपीत अन्ननलिकेतील शिरा फुगलेल्या दिसल्या, आणि त्या फुटू नयेत म्हणून गोळ्या सुरू झाल्या.

त्या रात्री मी त्यांचा तीन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट काढला. एसजीपीटी तेव्हाही ३६, एसजीओटी ३६, प्लेटलेट २ लाख १० हजार. एकाही आकड्यापुढे खूण नाही, खाली माझी सही. त्याच आकड्यांवरून फिब-४ निघाला १.५७. पुढच्या भेटीत काकांनी विचारले, “आधी कळले असते का?” मी सांगितले, “हो, शंका तरी नक्की आली असती.”

आता मधुमेहाच्या प्रत्येक रुग्णाच्या रिपोर्टवर मी फिब-४ छापते. अडचण एकच उरते: पैसे वाचावेत म्हणून चिठ्ठीवर पुष्कळदा नुसती एसजीपीटी लिहिलेली असते. अशा वेळी डॉक्टरांना मी स्वतः फोन करते आणि एसजीओटी त्याच नमुन्यातून, जादा पैसे न घेता लावते.