बुडी मारण्याआधी भराभर श्वास घेऊ नका

मे महिन्यात ठाण्यातल्या तरणतलावांवर सुट्टीच्या बॅचेस सुरू होतात. हातपाय जमायला लागले की पोरांच्या पैजा लागतात: एका दमात, पाण्याखालून, पलीकडचा काठ कोण गाठतो? दम वाढावा म्हणून आधी दहा-पंधरा वेळा भराभर खोल श्वास घ्यायचे, ही युक्ती मोठी मुलं लहानांना शिकवतात. तळ्यांच्या या शहरात ती युक्ती कायमची बंद व्हावी असं मला मनापासून वाटतं.

श्वासाचा ठेका मेंदूच्या तळाशी, लंबमज्जेत तयार होतो. प्री-बॉट्झिंगर कॉम्प्लेक्स हा तिथला पेशींचा छोटासा पुंजका. त्याचं हे काम 1991 साली उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगांतून समोर आलं. त्याच्या तालावर मानेतून निघणाऱ्या फ्रेनिक नसेवाटे श्वासपटलाला हुकूम जातो. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण 12 ते 16 श्वास घेतो, दर श्वासाला सुमारे अर्धा लिटर हवा.

हा ठेका वाढवायचा कधी, हे ऑक्सिजनवरून ठरत असेल असं वाटतं. पण रोजच्या जगण्यात ते मुख्यतः कार्बन डायऑक्साइडवर ठरतं. हा वायू रक्तातून मेंदूत सहज शिरतो, तिथे आम्लता वाढवतो आणि लंबमज्जेतल्या पेशींना ती लगेच जाणवते. धमनीतल्या रक्तात त्याचा दाब पाऱ्याच्या 40 मिलिमीटरच्या आसपास असतो. तो एकाच मिलिमीटरने वाढला तरी मिनिटाला दोनेक लिटर हवा जास्त आत घेतली जाते. दम रोखल्यावर छातीत होणारी ती असह्य तगमग याचीच.

ऑक्सिजनवर पहारा असतो मानेतल्या कॅरोटिड बॉडीचा, तांदळाच्या दाण्याएवढ्या अवयवाचा. या शोधासाठी बेल्जियमचे शास्त्रज्ञ हेमान्स यांना 1938 चं नोबेल मिळालं. पण ऑक्सिजनचा दाब 100 वरून 60 च्या खाली येईपर्यंत हा पहारेकरी फारसा ओरडत नाही. आणि कार्बन डायऑक्साइड कमी असेल, तर त्याचा आवाज आणखी क्षीण होतो.

आता तलावाच्या काठावर या. भराभर श्वास घेऊन ऑक्सिजन जवळपास वाढतच नाही. हिमोग्लोबिन आधीच 97-98 टक्के भरलेलं असतं. घटतो तो कार्बन डायऑक्साइड, 40 वरून अगदी 25 पर्यंतसुद्धा. बोटांना मुंग्या येतात. मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून डोकं हलकं होतं. मुलगा बुडी मारतो. हातपाय मारताना ऑक्सिजन झपाट्याने खर्च होतो, पण तगमग होत नाही. ‘वर ये’ म्हणणारी हाक यायच्या आधीच शुद्ध हरपते. धडपड नाही, ओरडा नाही. वरून बघणाऱ्याला वाटतं, काय दम आहे पोराचा! मग साठलेला कार्बन डायऑक्साइड लंबमज्जेला जागं करतो, ती श्वास घ्यायला लावते, आणि फुप्फुसात पाणी शिरतं. पट्टीच्या पोहणाऱ्यांनाही हे होतं. किंबहुना त्यांनाच जास्त, कारण ती तगमग दाबायची त्यांना सवय असते.

म्हणून बुडीआधी नेहमीसारखे एक-दोन श्वास पुरेत. मुंग्या आल्या किंवा गरगरलं तर पाण्यात उतरायचंच नाही. पाण्याखालच्या पैजा आणि एकामागून एक बुड्या नकोत. एक जण खाली असेल तेव्हा दुसऱ्याने वरून फक्त त्याच्याकडेच बघायचं, आणि तो निश्चल दिसला की घड्याळ न बघता वर काढायचं.

बाहेर काढल्यावर हाक मारून, हलवून बघा. प्रतिसाद नाही आणि नीट श्वासही नाही, तर एकाने 108 ला फोन करावा. दुसऱ्याने डोकं मागे कलवून, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्यावेत, मग छातीच्या मधोमध 30 दाब, पुन्हा 2 श्वास, असं मदत येईपर्यंत. इथे नुसते दाब पुरत नाहीत, कारण रक्तातला ऑक्सिजनच संपलेला असतो. पोट दाबून किंवा उलटं टांगून पाणी काढायला जाऊ नका. उलटी होऊन अन्न फुप्फुसात उतरतं आणि तेवढा वेळ मेंदू ऑक्सिजनवाचून राहतो.