मुलांची नावे औशाहून पुण्याच्या अंगणवाडीत आणताना

पतीची नोकरी पुण्यात आल्यामुळे २०२५ च्या जूनमध्ये आम्ही लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यातून आंबेगाव बुद्रुक येथे राहायला आलो. मुलगा तेव्हा साडेतीन वर्षांचा होता आणि मुलगी आठ महिन्यांची. गावी दोघांचीही नावे अंगणवाडीच्या नोंदीत होती. मुलगा तिथे जाऊन गरम जेवण जेवत असे आणि मुलीसाठी घरी न्यायच्या आहाराची पाकिटे मिळत, ज्यांना सगळे जण ‘टीएचआर’ म्हणतात. पुण्यात हाच आहार पुन्हा सुरू होईपर्यंत जे जे करावे लागले, ते सविस्तर लिहीत आहे, कारण मराठवाड्यातून कामासाठी इकडे येणारी कुटुंबे भाड्याचा करारनामा, गॅसची जोडणी आणि मोठ्या मुलांची शाळा यांत इतकी गुंतलेली असतात की सहा वर्षांखालील मुलांच्या आहाराचा विषय बहुधा मागेच राहून जातो.

आमच्या इमारतीत लहान मुले असलेली बरीच कुटुंबे आहेत, आणि अंगणवाडीचा आहार हा पिवळ्या रेशनकार्डवाल्यांसाठी असतो, अशी त्यांच्यापैकी बहुतेकांची ठाम समजूत आहे. आमचे कार्ड केशरी आहे, तेही गावच्या पत्त्याचे, त्यामुळे शेजारच्या काकूंनी ‘तुम्हाला नाही मिळायचं’ असे पहिल्याच दिवशी सांगून टाकले. प्रत्यक्षात २०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्यातील या तरतुदीला उत्पन्नाची अट नाही. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला वयाला साजेसा आहार स्थानिक अंगणवाडीमार्फत विनामूल्य मिळावा, तसेच गरोदर स्त्रीला आणि बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत मातेलाही तो मिळावा, असे हा कायदा सांगतो. रेशनकार्डाचा रंग हा स्वस्त धान्य दुकानाचा विषय आहे, अंगणवाडीचा नव्हे. हे मला गावच्या सेविकाताईंमुळे आधीच ठाऊक होते, आणि पुढे ठिकठिकाणी त्याचा उपयोग झाला. कारण ज्याला आपला हक्क माहीत असतो त्याच्याशी लोक जरा वेगळ्या सुरात बोलतात, हे मान्य करायला हवे.

पहिली अडचण केंद्र सापडण्याची होती. खेड्यात अंगणवाडी कुठे आहे हे विचारावे लागत नाही. शहरात ती बहुधा एखाद्या गल्लीतील भाड्याच्या खोलीत असते आणि दुपारनंतर बंद झाली की तिथे अंगणवाडी आहे हे कळतही नाही. त्यात पुण्यात महापालिकेच्या शाळांना जोडलेल्या बालवाड्या आहेत, त्यामुळे ‘अंगणवाडी कुठे आहे’ असे विचारले की लोक बालवाडीकडे बोट दाखवतात. दोन्ही ठिकाणी लहान मुले बसतात आणि गाणी म्हणतात, पण बालवाडी महापालिकेची असते आणि अंगणवाडी एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतील, म्हणजे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या आणि केंद्र व राज्य मिळून चालवत असलेल्या योजनेतील. घरी न्यायचा आहार, वजन-उंचीची नोंद आणि गरोदर मातांची नोंदणी यांसाठी अंगणवाडीच गाठावी लागते.

आंबेगाव बुद्रुक २०१७ मध्ये महापालिकेच्या हद्दीत आले, त्यामुळे इथले केंद्र ग्रामीण प्रकल्पाखाली येते की नागरी प्रकल्पाखाली, याबद्दल विचारलेला प्रत्येक जण वेगळे सांगत होता. हा घोळ मिटवण्याचा सोपा उपाय म्हणजे केंद्राबाहेरील पाटी वाचणे. तिच्यावर केंद्राचा क्रमांक आणि प्रकल्पाचे नाव लिहिलेले असते; त्याचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवले, की पुढे कोणत्याही कार्यालयात ‘कोणती अंगणवाडी?’ या प्रश्नाला थेट उत्तर देता येते.

सेविकाताईंनी आमचे स्वागत चांगले केले, परंतु नोंदणीच्या वेळी मोबाइलवर आधार क्रमांक टाकताच काम अडले. “ताई, दोघांचीही नावं तिकडं चालू दिसतात. तिकडून हलवल्याशिवाय मला इकडं घेता येत नाहीत,” असे त्यांनी सांगितले. १ मार्च २०२१ पासून देशभरातील अंगणवाड्यांच्या नोंदी ‘पोषण ट्रॅकर’ या ॲपवर ठेवल्या जातात. लहान बालकाचे स्वतःचे आधारकार्ड नसले तरी आईच्या आधारवर त्याची नोंद होते, आणि एकच नाव दोन केंद्रांत राहू नये अशी व्यवस्था त्यात आहे. व्यवस्था योग्यच आहे, कारण पूर्वी एकाच मुलाचे नाव सासरी आणि माहेरी अशा दोन्ही ठिकाणी असणे सर्रास चालत असे. मात्र तिचा परिणाम असा होतो, की कुटुंब शहरात येऊन पोहोचते आणि नाव गावातच राहते; गावच्या केंद्रात मूल येत नाही आणि शहरातल्या केंद्रात त्याला घेता येत नाही.

नाव हलवण्याचे काम दोन्हीकडच्या सेविकांनी आपापल्या ॲपमध्ये करायचे असते, त्यामुळे मी पुण्याच्या ताईंसमोर बसूनच गावच्या ताईंना फोन लावला आणि दोघींचे बोलणे करून दिले. केंद्राचा क्रमांक, मुलांच्या जन्मतारखा आणि माझे नाव आधारवर जसे आहे तसे, अक्षरशः वाचून दाखवावे लागले, कारण गावच्या नोंदीत माझे माहेरचे आडनाव होते आणि आधारवर सासरचे. मी मध्ये निरोप पोहोचवत बसले असते तर आठवडे गेले असते. दोघी एकमेकींशी बोलल्या आणि काय कुठे अडले आहे ते त्यांनाच लगेच उमजले. या टप्प्यावर सर्वांत उपयोगी पडलेला कागद म्हणजे माता व बाल संरक्षण कार्ड. गरोदरपणातील तपासण्या, प्रसूतीची तारीख, मुलांचे लसीकरण आणि वजने हे सगळे त्यात असते, आणि नोंदीत विसंगती निघाली तर पडताळायला हाच आधार असतो. घर बदलताना ते ट्रकमधल्या खोक्यात टाकू नये, हातातल्या पिशवीत ठेवावे.

नावे आली, पण पाकिटे मिळाली नाहीत. १ जुलै २०२५ पासून घरी न्यायचा आहार देताना लाभार्थीचा चेहरा ओळखून पडताळणी करणे सक्तीचे झाले आहे. लहान बाळाच्या बाबतीत आईचा चेहरा घेतला जातो. त्याआधी आधारची ई-केवायसी पूर्ण असावी लागते आणि तिचा ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. माझ्या आधारला वडिलांचा जुना क्रमांक होता आणि तो केव्हाच बंद झाला होता. माझ्यासारख्या कितीतरी मुलींची आधारकार्डे लग्नाआधी निघाली आणि तेव्हा घरात एकच फोन होता, ही गोष्ट ही पद्धत आखणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसते. आधार केंद्रावर जाऊन ठसा दिल्यावर नवा क्रमांक जोडला गेला, आणि तो जोडल्याचा संदेश येईपर्यंत वाट पाहावी लागली.

त्यानंतर छायाचित्राचा प्रकार. ॲपसमोर चेहरा धरून डोळ्यांची उघडझाप करायची असते. केंद्राची खोली तळमजल्यावर, खिडकी एकच, त्यात जुलैतला अंधार आणि जेमतेम येणारे नेटवर्क. शेवटी आम्ही रस्त्यावर उजेडात उभे राहिलो आणि तिथे ते जुळले. सेविकांना यासाठी बोल लावणे मला पटत नाही. २०२१ मध्ये राज्यभरातील सेविकांनी सरकारकडून मिळालेले मोबाइल निकृष्ट असल्याचे सांगून परत केले होते आणि ॲप मराठीत असावे अशी मागणी केली होती. मुलांना सांभाळणे, शिकवणे, वजने घेणे आणि घरभेटी देणे हे करून उरलेल्या वेळात त्या ही पडताळणी करत असतात.

या साऱ्या काळात मुलीचा आहार थांबलेला होता. पडताळणी अपुरी असल्याने पाकिटे देता येत नाहीत, असे एका कार्यालयातून मला तोंडी सांगण्यात आले. लेखी मागितल्यावर मात्र तिथे वेगळीच चर्चा सुरू झाली. सेविकेच्या वर मुख्यसेविका म्हणजे पर्यवेक्षिका असतात आणि त्यांच्या वर बाल विकास प्रकल्प अधिकारी. मी एका पानाचा अर्ज केला. त्यात मुलांची नावे, केंद्राचा क्रमांक, गावच्या केंद्रातून नाव हलवल्याची तारीख आणि अडलेली बाब एवढेच लिहिले, आणि दुसऱ्या प्रतीवर पोहोच घेतली. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ८ नुसार हक्काचे धान्य किंवा जेवण मिळाले नाही तर राज्य सरकारने अन्न सुरक्षा भत्ता द्यायचा असतो. हेही मी अर्जात एका ओळीत, कोणताही त्रागा न करता, नमूद केले. त्या ओळीमुळे काम झाले की ते तसेही होणारच होते, हे सांगता येणार नाही, पण पर्यवेक्षिकाबाई पुढच्या भेटीत स्वतः केंद्रावर आल्या आणि त्यांच्यासमोर पडताळणी पूर्ण होऊन पाकिटे हाती आली. फोनवरून विचारायचे असेल तर १४४०८ हा पोषण हेल्पलाइनचा विनाशुल्क क्रमांक आहे.

पाकीट हाती आले म्हणजे मूल ते खाते, असे नाही. तयार डाळ-खिचडीचे मिश्रण नुसते उकळले तर त्याला एक कच्चट वास येतो आणि मुलगी तोंड फिरवते. मी ते आधी कोरडेच मंद आचेवर भाजते, मग तुपात जिरे आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी देऊन त्यात किसलेले गाजर किंवा पालक घालून शिजवते. गोड पिठाची लापशी दुधात चांगली होते, आणि उरलेल्या पिठात कणीक मिसळून केलेल्या दशम्या आम्ही मोठी माणसे खातो, असे लिहायला संकोच वाटतो. पण हा आहार बाळासाठी मोजून दिलेला असतो, आणि घरात तो सगळ्यांत वाटला गेला तर बाळाच्या वाट्याला काय उरणार, हे लक्षात आल्यापासून मी मुलीचा हिस्सा वेगळ्या डब्यात काढून ठेवते. पाकीट घेतानाच उत्पादनाची तारीख आणि ते किती काळ टिकेल हे वाचावे, आणि ओलसर किंवा फुगलेले पाकीट तिथेच परत द्यावे.

मुलाचे गरम जेवण त्यामानाने विनासायास सुरू झाले. आमच्या केंद्रात ते महिला बचत गटाकडून शिजून येते: कधी खिचडी, कधी लापशी, कधी चवळीची किंवा मटकीची उसळ. तीन ते सहा वर्षांच्या मुलाला सकाळची न्याहारी आणि गरम जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे कायद्याच्या २०१३ च्या मूळ अनुसूचीत होते. कुपोषित बालकासाठी हे प्रमाण ८०० किलोकॅलरी आणि २० ते २५ ग्रॅम होते. २०२३ मध्ये ही अनुसूची बदलली. वर्षातील ३०० दिवस हा आहार द्यायचा असतो. यासाठी दर बालकामागे दिवसाला ८ रुपये धरले जातात, तीव्र कुपोषित बालकासाठी १२ रुपये आणि गरोदर व स्तनदा मातेसाठी साडेनऊ रुपये. हे दर २०१७ मध्ये ठरले. कात्रजच्या कोणत्याही टपरीवर ८ रुपयांत काय मिळते, हे पुणेकरांना सांगायला नको. मुलाच्या ताटातली उसळ कधी कधी पातळ असते आणि त्याबद्दल काही पालक बचत गटाच्या बायकांवर चिडतात; गॅस, तेल, कडधान्य आणि वाहतूक यांचा हिशेब मांडला तर मला त्यांच्यावर चिडावेसे वाटत नाही. योजनेच्या कागदांतही याला ‘पूरक’ आहारच म्हटले आहे, त्यामुळे अंगणवाडीत जेवला म्हणून घरी दुपारचे जेवण टाळणे योग्य नाही.

खाण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, मला तिथल्या मोजमापाचे मोल वाटते. दर महिन्याला वजन आणि उंची घेतली जाते आणि दंडाचा घेर रंगीत पट्टीने मोजला जातो. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलाचा घेर साडेबारा सेंटिमीटरच्या खाली असेल तर मध्यम आणि साडेअकराच्या खाली असेल तर तीव्र कुपोषण मानतात. मुलीची पट्टी हिरव्या भागात आली. मात्र घर बदलण्याच्या धावपळीत तिचे वजन जवळजवळ वाढलेच नव्हते, हे गावच्या कार्डावरील आकडा आणि इथला आकडा शेजारी ठेवल्यावरच दिसले. इमारतीतील ज्या घरांतली मुले खासगी नर्सरीत जातात, त्यांना अशी मासिक नोंद मिळत नाही. शेजारच्या काकूंची सून आता नातवाला वजनासाठी केंद्रावर आणते. आहार मात्र नको म्हणते, आणि तो तिचा प्रश्न आहे.

पुढील महिन्यात माझी नणंद बाळंतपणासाठी इंदापूरहून आमच्याकडे येणार आहे. तिची गरोदरपणाची नोंद तिकडच्या अंगणवाडीत आहे. तिला मी निघण्याआधीच ई-केवायसी पूर्ण करून घ्यायला, आधारला स्वतःचा चालू क्रमांक आहे ना हे तपासायला आणि तिकडच्या सेविकाताईंना आमच्या केंद्राचा क्रमांक देऊन ठेवायला सांगितले आहे. पाटीचे छायाचित्र तिला पाठवले आहे.