दोन किल्ल्यांचा मसावि

संगणक-जाळ्यांची सुरक्षा तपासणे हा माझा व्यवसाय आहे. एका संस्थेच्या शाखांमधील ४०० राउटरांच्या (जाळ्यातील माहिती पुढे पाठवणाऱ्या यंत्रांच्या) सार्वजनिक आरएसए किल्ल्या, म्हणजे संदेश कुलूपबंद करण्यासाठी सर्वांना उघड दिलेल्या संख्या, आमच्याकडे तपासणीसाठी आल्या, तेव्हा काम नेहमीचेच वाटले होते. अशा प्रत्येक किल्लीचा गाभा म्हणजे दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार असतो आणि २०४८ बिटांच्या (० किंवा १ अशा अंकांच्या) किल्लीत तो ६१७ अंकी भरतो. ही संख्या संयुक्त आहे हे संगणक फर्माच्या छोट्या प्रमेयाच्या आधारे क्षणात दाखवतो. तिचे अवयव कोणते, हे मात्र त्यावरून मुळीच कळत नाही. २०२० मध्ये आरएसए-२५० ही अवघी २५० अंकी संख्या फोडण्यासाठी, म्हणजे तिचे अवयव काढण्यासाठी, जेवढे गणन करावे लागले, तेवढ्याला एकट्या प्रोसेसर-गाभ्याला सुमारे २,७०० वर्षे लागली असती.

त्यामुळे संख्या फोडण्याचा प्रश्नच नव्हता. मी संगणकाला फक्त प्रत्येक जोडीचा मसावि (महत्तम सामाईक विभाजक) काढायला लावला. ४०० संख्यांच्या ७९,८०० जोड्या होतात, आणि युक्लिडची भागाकाराची रीत इतकी वेगवान आहे की ६१७ अंकी संख्यांनाही ती दाद देत नाही. उत्तरे येऊ लागली ती सगळी १. १०२४ बिटांच्या वेगवेगळ्या मूळ संख्याच १० च्या ३०५ व्या घाताहून अधिक उपलब्ध असल्यामुळे दोन यंत्रांनी योगायोगाने तीच निवडणे व्यवहारात अशक्यच.

तरीही एका जोडीचा मसावि ३०९ अंकी आला.

एकच किल्ली दोनदा नोंदली गेली असती तर मसावि ६१७ अंकी, म्हणजे ती पूर्ण संख्याच, आला असता. म्हणून नोंदीतील चूक ही शक्यता तिथेच मिटली. मी दोन्ही संख्यांना त्या मसाविने भागले. बाकी शून्य, भागाकार मात्र वेगवेगळे. ज्या संख्यांच्या अवयवांसाठी महासंगणकही हात टेकतील, त्या दोन्ही माझ्या साध्या लॅपटॉपवर फुटल्या होत्या. अवयवांवरून खासगी किल्ली, म्हणजे कुलूप उघडणारी गुप्त जोडकिल्ली, तयार करून मी चाचणीचा एक संदेश उलगडून पाहिला, तो अचूक उलगडला.

संस्थेच्या अधिकाऱ्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "एवढी मोठी संख्या फुटलीच कशी?" मी त्यांना १०,४०३ आणि १०,८०७ या संख्या दिल्या. त्यांची वजाबाकी ४०४. १०,४०३ ला ४०४ ने भागल्यावर बाकी ३०३. ४०४ ला ३०३ ने भागल्यावर बाकी १०१. आणि १०१ ने ३०३ ला निःशेष भाग जातो. म्हणजे पहिली संख्या १०१ × १०३ आणि दुसरी १०१ × १०७. "हा तर शाळेतला मसावि!" ते म्हणाले. तोच होता.

कारण गणितात नव्हते, यंत्रात होते. सुरक्षा-संशोधक नादिया हेनिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरील किल्ल्या तपासून हाच दोष उघड केला होता. नवे राउटर पहिल्यांदा सुरू होताना त्याच्याजवळ यादृच्छिकतेचा, म्हणजे अंदाज न येणाऱ्या निवडीसाठी लागणाऱ्या माहितीचा, साठा जवळपास नसतो आणि किल्ली मात्र त्याच वेळी बनते. एकाच नमुन्याची दोन यंत्रे त्यामुळे एकाच स्थितीतून सुरुवात करून पहिली मूळ संख्या तीच निवडतात. दुसरी निवडेपर्यंत घड्याळाचा सेकंद पुढे सरकलेला असतो, म्हणून ती तेवढी वेगळी निघते. दोन्ही संख्या सारख्या निघाल्या असत्या तर किल्ल्या दिसायलाच सारख्या झाल्या असत्या आणि दोष नजरेत भरला असता. अर्धवट सारखेपणा अधिक घातक, कारण तो वरून दिसत नाही.

तेवढी दोन राउटरे बदलून चालेल का, असे अधिकाऱ्यांनी विचारले. मी नाही म्हटले. मसावि १ आला याचा अर्थ आमच्या यादीतील अन्य किल्ल्यांशी सामाईक अवयव नाही, एवढाच होता. त्याच नमुन्याचे राउटर दुसऱ्या कुणाकडे असेल आणि त्याची किल्ली तिसऱ्याच कुणाच्या हाती असेल, तर आमची तपासणी तिथवर पोहोचत नव्हती. त्या नमुन्याच्या सर्व राउटरांवर आधी सुधारित फर्मवेअर (यंत्र चालवणारी अंगभूत आज्ञावली) चढवून मगच नव्या किल्ल्या बनवाव्यात, असे मी अहवालात लिहिले.