बोर्सोच्या बायबलची बॉर्डर, तिसरा आठवडा: सोनं अखेर चिकटलं

तर मंडळी, युनिकॉर्न (म्हणजे एकशिंगी घोडा) अजून पांढराफटकच आहे, पण सोन्याचे ठिपके झाले एकदाचे. म्हणजे ४० पैकी ३१ झाले, ९ खरवडून परत करायचेत.

नवीन लोकांसाठी थोडक्यात, मी बोर्सो देस्तेच्या बायबलमधल्या एका पानाचा फक्त खालचा समास कॉपी करतोय. बोर्सो म्हणजे इटलीतल्या फेराराचा सत्ताधीश, राजा म्हणा हवं तर. १४५५ मध्ये त्याने ताद्देओ क्रिवेल्ली आणि फ्रांको देई रुस्सी या दोन चित्रकारांशी करार केला आणि सहा वर्षांत काम पूर्ण झालं. दोन खंड, ६०० च्या वर पानं, हजारावर चित्रं. त्यांच्या हाताखाली बरेच चित्रकार होते म्हणा, तरी मी तीन आठवडे ठिपक्यांवरच अडकलोय हे आठवून हसू येतं.

आता मुद्द्याचं. जेसो, म्हणजे सोन्याखाली द्यायचा लेप, मी बारीक प्लास्टर, सरस आणि किंचित साखर घालून केला. साखर ओल धरून ठेवते, म्हणून नळीतून गरम श्वास सोडला की जेसो चिकट होतो आणि वर्ख बसतो (मिठाईवरचा नाही, सोन्याचा). पण पावसाळ्यात ही साखरच नडली, जेसो वाळेचना, अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटायला गेलो तर वर्ख सुरकुतून जेसोसकट निघून आला. मग साखर निम्मी केली, तीन दिवस थांबलो आणि आरशासारखं चकाकलं ना! तेवढ्यात आईने खोलीत येऊन पंखा लावला, वर्खाचं अख्खं पान उडून कपाटामागे गेलं, ते वेगळंच.

ठिपक्यांभोवती शाईचे केसासारखे बारीक किरण काढायचे असतात, फेराराच्या बॉर्डरची खरी मजा तीच.

युनिकॉर्न मात्र उगाच नाहीये तिथे. ताडासारख्या झाडाखाली बसून तो शिंग पाण्यात बुडवतो, पाणी शुद्ध करतो, आणि बोर्सोने फेराराच्या दलदली कोरड्या करून जमीन काढली त्याची ही जाहिरात. बायबलच्या समासात! १४७१ मध्ये पोपकडून फेराराचं ड्यूकपद घ्यायला रोमला गेला तेव्हा हे खंड बरोबर घेऊन गेला, म्हणजे दाखवायलाच केले होते म्हणायचे. त्याच वर्षी वारला बिचारा.

उद्या ते ९ ठिपके, पंख्याच्या बटणावर टेप लावून. घोड्याच्या सावलीला निळा की करडा, सांगा कोणीतरी.