"कुठे लावू, सर?"

आयटीआयमध्ये ऑटो बॉडी रिपेअर शिकवतो. एका वर्षाचा कोर्स. लोक म्हणतात, "म्हणजे डेंटिंग ना?" आता हो म्हणून मोकळा होतो.

गेल्या पावसाळ्यातल्या प्रॅक्टिकलची गोष्ट. जॉब साधा: जुन्या हॅचबॅकच्या फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, आम्हीच पाडलेला तळहाताएवढा डेंट चार तासांत सरळ करून प्रायमरच्या आधीपर्यंत आणायचा. बहुतेक पोरं कसाबसा ठोकतात आणि उरलेल्या खड्ड्यावर पुट्टी थापतात. गॅरेजमध्ये तिला लांबी म्हणतात, आणि निम्म्या मुंबईच्या गाड्या तिच्यावरच उभ्या आहेत.

हा पोरगा कुर्ल्याचा. वडील सीएसटी रोडला डेंटर. थिअरीत यथातथाच. त्याने खड्ड्याच्या मधोमध हातोडी घातलीच नाही. पत्रा जसा दुमडला त्याच्या उलट क्रमाने निघाला. शेवटची घडी आधी. आतून डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, खड्ड्याखाली दाबलेली आणि वरून हातोडी शेजारच्या उंचवट्यावर, हलक्या हाताने. दोन्ही समोरासमोर आल्या की मध्ये सापडलेला पत्रा ताणतो, हे मी वर्षभर घसा फोडून सांगतो. याचं मनगट ते आधीच शिकून आलेलं होतं.

एका जागी तरीही पत्रा ताणला होता. अंगठा दाबला की टक्‌ करून आत, सोडला की बाहेर. त्याने गॅसची बारीक ज्योत लावून नखाएवढा ठिपका लाल केला, चार ठोके दिले आणि ओलं फडकं दाबलं. टक्‌ गेलं. (फेंडरला हे चालतं. नव्या गाड्यांच्या पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांना, कुणी असा गॅस लावला तर त्यातल्या कडक बोरॉन स्टीलची ताकदच जाते. बाहेर सर्रास लावतात.) मग फाईल, म्हणजे कानस, फिरवली, तर सगळीकडे सारखी चकाकी, म्हणजे कुठे उंचसखल नाही. शेवटी पत्र्यावर रुमाल टाकून खिडकीबाहेर बघत तळहात फिरवला. मीही फिरवला. काही लागेना.

बाहेरून आलेले परीक्षक गुणपत्रिका घेऊन उभे. पुट्टी आणि ती घट्ट करणाऱ्या हार्डनरचं प्रमाण, पुट्टी लावणं, पुट्टी घासणं असे तीन रकाने, मिळून तीस गुण. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "जॉब उत्तम आहे, पण न केलेल्या कामाचे गुण कसे देऊ?"

चाळीस मिनिटं उरली होती. मी त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं, "पुट्टी लाव रे."

"कुठे लावू, सर?"

"कुठेही लाव."

त्याने पत्रा 80 नंबरच्या पेपरने ओरबाडला, शंभराला दोन या हिशेबाने हार्डनर कालवला, लावली, घासली. सगळं पुस्तकाप्रमाणे. पूर्ण वेळ माझ्याकडे बघितलं नाही. तीसपैकी सत्तावीस मिळाले.

जाताना म्हणाला, "सर, फेंडर नेऊ का? पप्पांना दाखवायचाय." परीक्षेचा जॉब देता येत नाही, नियम आहे. तो थांबला. "असू दे. असा नकोच दाखवायला."

फेंडर स्टोअरमध्ये आहे, नंबराची चिठ्ठी लावलेला. प्रायमर नाही, त्यात तो पावसाळा. परवा काहीतरी शोधायला गेलो, तर पुट्टीच्या कडेने तांबूस रेघ आलेली दिसली.